वापरातलं घड्याळ

आमच्या घरात वस्तूंच्या दोनच जाती होत्या. वापरातल्या आणि ठेवणीतल्या. वापरातली पातेली चुलीपाशी, ठेवणीतली माळ्यावर. वापरातली चादर पलंगावर, ठेवणीतली शाल आईच्या लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत. चांगली वस्तू घरात आली की ती कुठे जाणार हे विचारावं लागत नसे. १९९९च्या गणपतीत मामा शारजाहून आला आणि त्यानं बाबांच्या हातात एक चौकोनी डबी ठेवली, तेव्हा तिचा मुक्काम कपाटात हे डबी उघडण्याआधीच ठरलं होतं.

आत सैको फाइव्ह होतं. निळी तबकडी, पोलादी पट्टा, तीनच्या जागी खिडकीत वार आणि तारीख शेजारी शेजारी. मामाच्या मनगटावर अगदी तसंच दुसरं होतं. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेली.

"भावोजी, हे रोज घालायचं हां. याला किल्ली नाही."

"किल्ली नाही म्हणजे?"

"हाताच्या हालचालीवर चालतं. घातलं की झालं."

बाबांनी घड्याळ कानाला लावलं, उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या हातात तेव्हा एचएमटी होतं. सकाळी आंघोळ आणि पूजा झाली की शर्ट घालण्याआधी ते त्याला किल्ली देत. अंगठा आणि तर्जनीत ती बारीक चकती धरून पुढे, मागे, पुढे, मागे. घट्ट लागू लागली की थांबत. त्याच्या पुढे एक वळसासुद्धा नाही, कमान तुटते म्हणून. आम्हा मुलांना त्या चकतीला हात लावायची मनाई होती. खरं तर ते घड्याळही जपानी वळणाचंच. बंगळूरला १९६१च्या सुमारास एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. बाबांना हे ठाऊक नसावं. त्यांच्या लेखी एचएमटी म्हणजे सरकारी, आपलं, आणि म्हणून रोजचं. सैको म्हणजे परदेशी, मेहुण्यानं घाम गाळून आणलेलं, आणि म्हणून जपायचं.

गणपती गेले, मामा शारजाला परतला आणि सैको रुमालात गुंडाळून कपाटात गेलं. लग्नामुंजीला ते बाहेर निघे तेव्हा दर वेळी बंद असायचं. बाबा ते हळुवार हलवत, काटा सरकू लागला की वेळ लावत, आणि घाईत वार-तारीख तशीच राहून जाई. ताईच्या लग्नात त्यांनी तेच घातलं होतं, पण मुहूर्ताची वेळ गुरुजींनी आपल्या घड्याळात पाहिली. बाबांच्या हातातलं एकदा थांबून पुन्हा चालू झालं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच तसं सुचवलं. वीस वर्षांत ते घड्याळ किती दिवस चाललं असेल? सगळे दिवस जोडले तर दीड महिना भरेल की नाही, शंकाच आहे.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना तो रुमाल माझ्या हाती आला. पुढे गुहागरला मामाच्या घरी गेलो तेव्हा त्यानंही आपलं घड्याळ काढून दिलं. शारजात एसी दुरुस्तीच्या कामावर तो शिड्या चढला, पत्रे उचलले, हातोडे मारले, ते सगळं हे घड्याळ हातात असताना. काच इतकी खरवडलेली की तिरपी धरल्याशिवाय काटे दिसेनात. "तुझ्याकडच्याबरोबर माझंही दाखवून आण," तो म्हणाला. "हल्ली मधूनच थांबतं." मी दोन्ही पुण्याला आणली आणि बुधवार पेठेत एका जिन्याखालच्या दुकानात नेली. तिथले काका पन्नास वर्षं हेच काम करतात. दोन्ही घड्याळं त्यांनी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "जुळी आहेत की ही."

झाकणावरचा क्रमांक त्यांनी मला दाखवला. पहिला आकडा आठ, मग इंग्रजी एन हे अक्षर. सैकोच्या क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरी खूण महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबर एक ते नऊ, आणि पुढच्या तीन महिन्यांना त्यांची आद्याक्षरं. म्हणजे नोव्हेंबर १९९८. दोन्ही एकाच महिन्यात जन्मलेली. मग काकांनी झाकणं फिरवून काढली आणि दोन्ही मशीन उघडी झाली. घड्याळाच्या धंद्यात आतल्या यंत्राला मशीनच म्हणतात. हे मशीन सैकोचं ७एस२६. साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढा घेर, आणि तशी तीन नाणी एकावर एक ठेवावीत इतकी जाडी. १९९६ साली ते बाजारात आलं आणि पुढची वीसेक वर्षं कंपनीच्या साध्या स्वयंचलित घड्याळांत तेच धडधडत राहिलं.

वर अर्ध्या चकतीसारखा धातूचा तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. घड्याळ कलतं केलं की तो स्वतःच्या वजनानं खाली येतो. काकांनी चिमट्याच्या टोकानं तो फिरवून दाखवला. हात हलला की हा फिरणार, हा फिरला की कमान गुंडाळली जाणार, एवढं मला माहीत होतं. कोडं पुढचं होतं. हात काही एकाच दिशेला हलत नाही. आई ताक घुसळायची तेव्हा रवी एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे. मनगटाचंही तसंच. कमान मात्र एकाच बाजूनं गुंडाळावी लागते. मग दोन्ही बाजूंचं घुसळणं एका बाजूला कसं वळवायचं?

काकांनी रोटर काढून बाजूला ठेवला आणि त्याच्याखालची एक पत्ती चिमट्यात उचलली. "या मशीनचा जीव यात आहे," ते म्हणाले. पत्ती इंग्रजी वाय अक्षरासारखी, दोन लांब बोटांची, आणि बोटांची टोकं आकड्यासारखी किंचित वाकलेली. सैकोनं तिला नाव दिलं मॅजिक लिव्हर. रोटर फिरतो तेव्हा खालचं एक चाक फिरतं. त्या चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी आहे आणि पत्ती त्या खुंटीत अडकवलेली आहे. चाक डावीकडे फिरो की उजवीकडे, बाजूला बसवलेली खुंटी मागे-पुढे होणारच, आणि तिच्याबरोबर पत्तीही. पत्तीच्या दोन बोटांमध्ये करवतीसारख्या दातांचं दुसरं चाक धरलेलं असतं. पत्ती मागे गेली की एक बोट दाताला धरून ओढतं आणि दुसरं दातांवरून नुसतं घसरतं. पत्ती पुढे आली की घसरलेलं बोट ढकलतं आणि ओढणारं घसरतं. ओढा किंवा ढकला, दातांचं चाक पुढेच जातं. मागे यायला त्याला वाटच नाही.

मी ती पत्ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत बसलो. वजन लागतच नाही. हेच काम करायला इतरांनी उलटसुलट फिरणाऱ्या चाकांच्या जोड्या बसवल्या, त्यांना जास्त भाग लागले, जास्त निगा लागली. इथे वाकवलेल्या टोकांच्या एका पत्तीनं भागवलं. साधं करणं किती अवघड असतं हे मला पुस्तकांतून पुष्कळदा सांगितलं गेलं होतं. पटलं ते त्या दिवशी.

ही पत्ती पहिल्यांदा आली १९५९ साली, सैकोच्या जायरो मार्व्हल या घड्याळात. ते बनलं सुवा इथं. जपानच्या मध्यभागी नागानो प्रांतात डोंगरांनी वेढलेलं एक तळं आहे, त्याच्या काठचं हे गाव. तो मुलूख आधी रेशमाचा. १९४२ साली तिथं एका जुन्या मिसोच्या कोठारात, म्हणजे सोयाबीनचं आंबवण जिथं साठवत त्या जागेत, मोजक्या माणसांनी घड्याळाचे भाग करायला सुरुवात केली. आज एप्सन म्हणून जी कंपनी आपल्याला प्रिंटरमुळे माहीत आहे, तिचं मूळ हेच कोठार. किंतारो हत्तोरींनी टोकियोत १८८१ साली घड्याळांचं दुकान थाटलं, १८९२ साली सैकोशा हा कारखाना काढला आणि १९२३च्या भूकंपात तो बेचिराख झाल्यावर पुन्हा उभा केला, ती कथा मोठी आहे आणि ती अनेकांनी सांगितली आहे. मला ओढ वाटते ती मिसोच्या कोठाराची. १९५६ साली याच सुवातल्या लोकांनी मार्व्हल नावाचं घड्याळ काढलं. स्विस नमुन्यावर न विसंबता मुळापासून आपल्या हातानं आखलेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी ती दोन बोटांची पत्ती.

१९६३ साली स्पोर्ट्समॅटिक फाइव्ह आलं, आमच्या दोन घड्याळांचं आजोबा म्हणावं असं. नावातल्या पाचाचा अर्थ पाच गुण. आपोआप गुंडाळणारी कमान, एकाच खिडकीत वार आणि तारीख, पाण्याला दाद न देणं, चारच्या जागी दडवलेली चकती, आणि टिकाऊ पेटी व पट्टा. यातल्या चौथ्या गुणावर मी बराच विचार केला आहे. घड्याळाची चकती तीनच्या जागी असते, कारण रोज सकाळी किल्ली द्यायला ती बोटांत सहज यावी लागते. किल्लीच द्यायची नाही तर ती बाहेर कशाला? म्हणून ती चारच्या कोपऱ्यात, पेटीत अर्धी बुडवून बसवली. मनगट वाकवलं तरी टोचत नाही, काम करताना कशात अडकत नाही. ज्यानं हे आखलं त्याच्या डोळ्यांपुढे काम करणारा हात होता. बाबांनी ते घड्याळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा किल्ली शोधत होते. ती दडवण्यातच सगळा निरोप होता, आणि आमच्या घरात तो कुणी वाचला नाही.

७एस२६ या बाबतीत फारच टोकाचं आहे. चकती कितीही फिरवा, कमान गुंडाळली जात नाही. ती सोय ठेवलेलीच नाही. वेळ लावायला चकती पूर्ण ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, चालतच राहतो. घड्याळांचे शौकीन या दोन गोष्टींवरून त्याला नावं ठेवतात. मला त्यांचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. काढलेला प्रत्येक भाग म्हणजे न बिघडणारा एक भाग, आणि खिशाला परवडणारी किंमत. बाकी जे ठेवलं त्यात कसूर नाही. २१ माणकं, प्रयोगशाळेत बनवलेली पण खरीखुरी माणकं, चाकांचे बारीक अक्ष झिजू नयेत म्हणून. तोल सांभाळणाऱ्या चाकाच्या टोकांची माणकं नाजूक स्प्रिंगवर तोललेली, डायाशॉक म्हणतात त्याला, म्हणजे घड्याळ पडलं तर धक्का अक्षावर न येता स्प्रिंगनं झेलावा. आणि कमानीचं बाहेरचं टोक कमानीच्या डबीला अडकवलेलंच नाही. पूर्ण गुंडाळली गेली की ते आतल्या आत घसरतं. हात कितीही चालवा, बाबांना आयुष्यभर जिची भीती होती ती तुटणारी कमान इथे तुटायचीच नाही.

सेकंदकाटा थांबत नाही यावर काकांकडे एक युक्ती होती. चकती पूर्ण ओढायची, वेळ लावायची, आणि मग उलट्या बाजूनं अगदी हलका दाब द्यायचा. फिरवायची नाही, नुसता दाब. सेकंदकाटा जागीच थबकतो. रेडिओवरचे ठोके पडेपर्यंत धरून ठेवायचा, मग सोडायचा. मला ते पाच-सहा प्रयत्नांनी जमलं. बोटांना तेवढा हलकेपणा यायला वेळ लागतो.

मग त्यांनी दोन्ही मशीन आळीपाळीनं एका छोट्या यंत्रावर ठेवली. ते घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढतं. निरोगी ७एस२६चे ठोके तासाला २१,६०० पडतात, म्हणजे सेकंदाला सहा. दिवसाला पाच लाख अठरा हजार चारशे. वर्षाचे जवळजवळ एकोणीस कोटी. मामाच्या घड्याळानं वीसेक वर्षांत किती मारले असतील ते आपणच गुणून पाहावं.

माझी अपेक्षा होती की कपाटातलं घड्याळ ठणठणीत निघेल आणि शारजातलं खिळखिळं. तसं अर्धंच निघालं. बाबांच्या घड्याळाची रेघ उठतच नव्हती. तोलाचं चाक दमल्यासारखं अर्ध्यातून परत फिरत होतं. एकही दाता झिजला नव्हता, पेटीवर ओरखडा नव्हता, पण माणकांतलं तेल गोंदासारखं चिकट होऊन बसलं होतं. मामाच्या मशीनमध्ये तेल उरलंच नव्हतं. काळपट राप होता, आणि रोटरखालच्या चाकाचा अक्ष झिजून डगमगत होता.

"वीस वर्षांत एकदा तरी उघडलं होतं का?" काकांनी विचारलं.

दोघांचंही उत्तर नाही असंच होतं. एकानं जपायचं म्हणून उघडलं नाही, दुसऱ्यानं चालतंय म्हणून उघडलं नाही. माझी समजूत इथे जरा दुरुस्त झाली. वापर म्हणजे नुसतं राबवणं नव्हे. पाच-सात वर्षांनी एकदा उघडायचं, धुवायचं, तेल द्यायचं, हाही वापराचाच भाग. विळीला जशी धार, पाट्याला जशी टाकी, तसंच. काकांनी दोन्ही मशीन सुटी केली, पेट्रोलमध्ये धुतली, सुईच्या टोकानं तेलाचे ठिपके दिले. मामाच्या घड्याळाचं झिजलेलं चाक त्यांनी भंगारातल्या एका ७एस२६मधून काढून बसवलं. हे मशीन इतक्या घड्याळांत गेलं आहे की जुने भाग मिळतात. महागड्या घड्याळांना हे भाग्य नसतं. शेवटी तोलाच्या चाकावरची दांडी केसभर सरकवली आणि पडद्यावरची रेघ जवळजवळ सरळ झाली. जवळजवळच. दिवसाला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतातच, कंपनीही त्याहून जास्तीची हमी देत नाही. महिन्याला काही सेकंदच चुकणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ याच सैकोनं, याच सुवात बनवून २५ डिसेंबर १९६९ला टोकियोत विकायला ठेवलं होतं. अचूकपणाचा प्रश्न त्या दिवशीच संपला. तरी सत्तावीस वर्षांनी त्यांनी ७एस२६ काढलं, कारण ज्याला बॅटरी लागत नाही अशा घड्याळाची गरज माणसांना होती आणि आहे.

बाबांचं घड्याळ आता माझ्या हातात असतं. लिहीत उशिरापर्यंत जागलो की एक गोष्ट दिसते, ती मला फार आवडते. वाराच्या चकतीवर प्रत्येक वार दोन भाषांत आहे, आणि घड्याळ आखातात विकायचं असल्यानं दुसरी भाषा अरबी. बारा वाजून गेले की खिडकीतला इंग्रजी वार हळूहळू सरकू लागतो आणि त्याच्या जागी अरबी अक्षरं येतात. काही वेळ तीच राहतात. मग तीही सरकतात आणि पहाटेपर्यंत नव्या दिवसाचं इंग्रजी नाव नीट मधोमध बसलेलं असतं. या काळात तारखेचे दाते गुंतलेले असतात, म्हणून रात्री नऊ ते पहाटे चार वार-तारखेला हात लावायचा नाही, असा काकांचा दम आहे. मी मामाला फोनवर त्या अरबी वाराचं सांगितलं. "रात्रपाळीला असलो की मी ते बघायचो," तो म्हणाला. "अरबी गेलं आणि इंग्रजी आलं की समजायचं, आता सुटायची वेळ झाली."

मामाचं घड्याळ दुरुस्त होऊन गुहागरला पोचलं, तरी महिन्याभरात पुन्हा थांबू लागलं. मी घाबरून काकांकडे गेलो. त्यांनी मशीनबद्दल काही विचारलंच नाही. "मामा दिवसभर काय करतात?" त्यांनी विचारलं. मामा आता चौऱ्याहत्तरचा. गुडघे दुखतात म्हणून ओटीवर बसून असतो. कमान पूर्ण भरली तर मशीन चाळीस-एक तास चालतं, पण भरायला हात हलायला हवा, आणि किल्लीची सोय या मशीनला नाही. काकांनी उपाय सांगितला. याच घराण्यातलं पुढचं मशीन, ४आर३६, त्याच पेटीत बसवता येतं. त्याला किल्ली देता येते, सेकंदकाटाही थांबतो.

मी मामाला तसं कळवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"नको," तो म्हणाला. "ते आहे तसंच राहू दे. मी बघतो."

याला सात महिने झाले. मामी सांगते, तो रोज सकाळी आगरात जातो, माडांना पाणी लावतो, पडलेल्या झापा ओढून एका जागी रचतो आणि विहिरीपासून फाटकापर्यंत सहा फेऱ्या मारतो. घड्याळ तेव्हापासून एकदाही थांबलेलं नाही.